समुद्र तापला की युद्धनौका दमते

हवामानबदल आणि संरक्षण म्हटलं की गाडी हमखास बुडणाऱ्या बंदरांवर जाते. मुंबईच्या नौदल गोदीला भरतीची काळजी आहेच, पण जहाजांना आधी छळतं ते तापलेलं पाणी. इंजिन, जनरेटर, रडार, एसी, या सगळ्यांची बरीचशी उष्णता समुद्राच्या पाण्यातच सोडावी लागते.

व्यापारी जहाजांच्या इंजिनाची ताकद ठरवताना पाणी ३२ अंश आणि हवा ४५ अंश धरतात. मुंबईची जहाजं २०१९ पासून व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठीच्या ‘ऑपरेशन संकल्प’ या नौदल मोहिमेसाठी ओमानच्या आखातात जातात. त्याच्या पलीकडच्या पर्शियन आखातात ऑगस्टमध्ये पाणी ३२ च्याही वर जातं. इंजिनाची उष्णता घेऊन फिरणारं गोडं पाणी कूलरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड करून ३८ अंशांवर बाहेर काढायचंय आणि समुद्र २८ वर आहे, तर हाताशी १० अंशांचा फरक. समुद्र ३२ वर गेला की उरतात ६. म्हणजे कूलर मोठा हवा, नाहीतर पंप. दोन्हीला जागा लागते, आणि युद्धनौकेत जागा नसतेच.

त्यात मुंबई बंदराचा गाळ आणि प्लास्टिकच्या पिशव्या. पाणी आत घेणाऱ्या जाळीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढू लागला की जोडगाळणीची दुसरी बाजू सुरू करून पहिली साफ करायची. कोमट पाण्यात पाइपांमध्ये शिंपलेही जोमाने वाढतात.

ब्रिटनच्या टाइप ४५ विनाशिकांनी याचा धडा महागात घेतला. त्यांची डब्ल्यूआर-२१ टर्बाइन इंधन वाचवणारी, प्रोपेलर विजेच्या मोटरवर. उष्ण पाण्यात टर्बाइन दगा द्यायची, दोन डिझेल जनरेटरना सगळा भार झेपायचा नाही आणि अख्खं जहाज अंधारात. आता प्रत्येक जहाजात दोनच्या जागी तीन मोठे जनरेटर बसवताहेत, त्यासाठी जहाजाचं कवच कापून. विजेवर चालणारं जहाज हवं असेल तर आधी हे वाचावं. इंधनबचतीचे तक्ते नंतर.

वादळांचा हिशेब वेगळा. वादळ येणार म्हटल्यावर चालू जहाज खोल समुद्रात काढता येतं, पण रिफिटसाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी, इंजिन उघडलेलं जहाज जागचं हलत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या टिंडल हवाई तळावर नादुरुस्त एफ-२२ विमानं अशीच चक्रीवादळात अडकली. अरबी समुद्रात मे-जूनमध्ये वादळं येतात. तौक्ते मे २०२१ चं, निसर्ग जून २०२० चं. मग मोठी रिफिट याच महिन्यांत कशाला उघडायची?

हवामानबदलावरचा उपाय म्हणून बायोडिझेल वापरण्याची मात्र नौदलाने घाई करू नये. ते पाणी शोषतं. तेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, बुळबुळीत थर फिल्टरमध्ये अडकतो. पाणबुडीच्या काही टाक्यांत तर संपलेल्या डिझेलची जागा समुद्राचं पाणीच घेतं. तिथे ही सीमा कायमचीच.