रिकमेंड्स बंद, वाय-फाय गायब: मराठी लाइव्ह आयएसओची यादी

पेनड्राइव्हवरून थेट चालणारी, मराठीसाठी जुळवलेली डेबियन लिनक्सची इमेज (लाइव्ह आयएसओ) आपण लाइव्ह-बिल्ड या साधनाने बनवतो. तिच्यात वाय-फाय चालत नव्हते; गेल्या नोंदीतला तो गुंता सुटला. बुकवर्मवरच्या (डेबियन १२) एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) इमेजमध्ये दोष फर्मवेअरचा (कार्डात चढवायच्या सॉफ्टवेअरचा) नव्हताच. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फर्मवेअर नीट लोड झालेले दिसते, तरी एनएमसीएलआय (नेटवर्क-मॅनेजरची कमांड) वाय-फाय कार्ड ‘अनअव्हेलेबल’ दाखवते. कारण नेटवर्क-मॅनेजर डब्ल्यूपीए-सप्लिकंटला (वाय-फाय जोडणारे पॅकेज) डिपेंड्समध्ये (लागणारच अशी पॅकेजे) नाही, रिकमेंड्समध्ये (सोबत असावीत अशी) धरतो. लाइव्ह-बिल्डला एपीटी-रिकमेंड्स (एपीटी म्हणजे पॅकेजे टाकणारे साधन) ‘फॉल्स’ दिले होते, त्यात तो गळला आणि बिल्ड एकही तक्रार न करता पूर्ण झाला. युजर-सेटअप आणि सुडो यांचेही तेच: हे दोन्ही यादीत हाताने लिहिले नाहीत, तर लाइव्ह-कॉन्फिगला (बूट होताना इमेज जुळवणारे पॅकेज) चालता वापरकर्ता उभा करता येत नाही.

रिकमेंड्स बंद करायला सबळ कारण होते. फॉन्ट्स-नोटो हे मेटापॅकेज (इतर पॅकेजे ओढून आणणारे) घेतले की देवनागरीसोबत चिनी-जपानी-कोरियन फॉन्टांचे शेकडो एमबी येतात. स्क्वॉशएफएसची (सगळी प्रणाली दाबून भरलेली) फाइल ४ जीआयबीपर्यंत पोचली की ती फॅट३२ पेनड्राइव्हवर कॉपीच होत नाही, आणि शाळांना देताना आपण फॅट३२च वापरतो.

म्हणून दोन बिल्ड केले, एक रिकमेंड्ससह, एक त्यांच्याविना. प्रत्येक बिल्डच्या शेवटी डॉट-पॅकेजेस फाइल (आत आलेल्या पॅकेजांची यादी) मिळते. दोन्हींमधली फक्त नावे काढून सॉर्ट केली आणि कॉम (दोन याद्यांची तुलना करणारी कमांड) लावले, की गळलेल्या पॅकेजांची यादी समोर येते. प्रत्येक नाव रिकमेंड्सवाल्या क्रूटमध्ये (बिल्डची प्रणाली जिथे उभी राहते त्या फोल्डरमध्ये) ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ला द्यायचे. कोणामुळे ते आत आले याची साखळीच तो दाखवतो. सिनॅप्टिकमध्ये (खिडकीवाला पॅकेज-व्यवस्थापक) हे शोधण्यात वेळ घालवू नका. आणि सारखे बिल्ड करणार असाल तर ॲप्ट-कॅशर-एनजी (डाउनलोड केलेली पॅकेजे साठवणारा; पोर्ट ३१४२) आधी लावा, नाहीतर बराच वेळ डाउनलोडमध्येच जातो.

यादी निम्मी तपासून झाल्यावर लक्षात आले की दिशाच उलटी आहे. रिकमेंड्स बंद ठेवून हवे ते परत जोडत बसलो, तर विसरलेले पॅकेज वापरणाऱ्याच्या टेबलावर उघडे पडते. रिकमेंड्स चालू ठेवून नकोशा पॅकेजांना उणे पिन (पिन-प्रायॉरिटी -१, म्हणजे ‘हे टाकूच नको’) लावली, तर चूक बिल्डमध्येच कळते: पिन केलेले पॅकेज कोणाच्या डिपेंड्समध्ये असेल तर एपीटी तिथेच थांबतो. तेव्हा आजपासून हीच पद्धत. कॉन्फिगखालच्या एपीटी फोल्डरमध्ये प्रेफरन्सेस फाइल, आणि तीत सध्या नोटोचे सीजेके (चिनी-जपानी-कोरियन) व सीजेके-एक्स्ट्रा. ही फाइल तयार इमेजमध्ये उरली नाही ना, हे बूट करून पाहाच. उरली तर वापरणाऱ्याला ती पॅकेजे नंतरही टाकता येणार नाहीत.

फॉन्टांत नोटो-कोअर आणि लोहितचे मराठी पॅकेज ठेवले. फॉन्ट्स-देवा काढले. त्यात नकुल, सहदेव, गार्गी, सराई सगळे येतात आणि लिब्रेऑफिसच्या फॉन्ट-यादीत गर्दी करतात. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर फॉन्टमध्ये ती रूपे असावी लागतात, शिवाय मजकुराची भाषाही मराठी ठरवलेली असावी लागते. म्हणून बूट-ओळीत मराठीचा लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) आणि यादीत लोकेल्स पॅकेज. लोकेल्स-ऑल नको, त्यात जगभरचे लोकेल येतात.

टंकनासाठी आयबस-एम१७एन (भारतीय भाषा टंकायचे पॅकेज). त्यात इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतात. सोबत आयबस-जीटीके३ आणि आयएम-कॉन्फिग यादीत नावानिशी लिहा, दुसऱ्याच्या रिकमेंड्सवर सोडू नका.

लिब्रेऑफिस मेटापॅकेजऐवजी रायटर, कॅल्क, इम्प्रेस, जीटीके३ आणि मराठी भाषा-पॅकेज. बेस (लिब्रेऑफिसचा डेटाबेस भाग) गेला की जावाचे ओझेही बऱ्यापैकी कमी होते.

फर्मवेअर बुकवर्मपासून नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात आहे, तो आर्काइव्ह-एरियाजमध्ये (पॅकेजे कोणत्या विभागांतून घ्यायची ती सेटिंग) जोडा. फर्मवेअर-क्रूट (सगळे फर्मवेअर आपोआप घेणारी सेटिंग) ‘फॉल्स’ करून आयडब्ल्यूएलवायफाय, रिअलटेक आणि अथेरॉस एवढेच घेतले.

जुन्या यंत्रांवर एक्सझेडने दाबलेली इमेज लहान होते पण उघडायला जड जाते. पुढच्या बिल्डला झेडस्टँडर्ड हे दुसरे कॉम्प्रेशन वापरून २ जीबी रॅमवर बूटची वेळ मोजायची आहे. सेटिंग बदलल्यावर आधी ‘एलबी क्लीन’, मग पुन्हा कॉन्फिग. पर्ज लावू नका, कॅश (साठवलेली डाउनलोड) जाईल.