४३ मिलिमीटर

आज वर्षाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. महाधमनी हृदयातून जिथे निघते, त्या मुळाशी तिचा व्यास यंदा ४३ मिलिमीटर भरला. गेल्या वर्षी तो ४२ होता. हा एक मिलिमीटर खरोखर वाढला की मोजणाऱ्याची रेघ यंदा किंचित तिरकी पडली, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, कारण एवढा फरक मोजणीतही पडतो. डॉक्टरांनी दोन्ही वर्षांची चित्रे शेजारी शेजारी लावून पाहिली आणि गोळी तीच ठेवली. मला मार्फन सिंड्रोम आहे, शरीराला आधार देणारे तंतू बिघडवणारा जन्मजात आजार. त्यात व्यास ५० च्या आसपास पोहोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. घराण्यात कुणाची महाधमनी फाटलेली असेल तर त्याच्याही आधी. माझ्या वडिलांची फाटली होती, त्यामुळे ५० हा आकडा मी माझा धरत नाही.

आमच्या घरात उंचीचे कायम कौतुकच झाले. वडिलांना तयार शर्टाच्या बाह्या कधी पुरल्या नाहीत आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. शाळेत मी एका हाताच्या अंगठ्याने आणि करंगळीने दुसऱ्या हाताच्या मनगटाला वेढा घालून दाखवत असे. दोन्ही बोटे एकमेकांवर सहज चढत आणि मैत्रिणी पुन्हा पुन्हा करायला लावत. पुढे, सव्विसाव्या वर्षी, चष्म्याचा नंबर भलताच वाढला म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा डोळ्यातले भिंग जागेवरून वर सरकलेले निघाले. त्यांनी काही न सांगता मला नेमका तोच मनगटाचा खेळ करायला लावला. मग मूठ मिटायला सांगितली. अंगठ्याचे टोक करंगळीच्या बाजूने बाहेर आले. मला अजूनही वाटते की त्या खेळावर हसणाऱ्यांपैकी एखाद्याने तरी ‘हे असे का होते?’ म्हणून विचारायला हवे होते. पण ज्याचे कौतुक होते त्याचे कारण कोण विचारतो? वडील ४४ व्या वर्षी गेले, तेव्हा छातीतून पाठीत उतरलेली, चिरत गेल्यासारखी ती कळ सर्वांनी पाहिली होती, धमनी फाटल्याचे निदानही झाले होते. ती का फाटली, याचे उत्तर मात्र माझ्या डोळ्यांच्या तपासणीतून आले.

दोष पंधराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात आहे. फायब्रिलिन नावाचे प्रथिन त्या जनुकावरून तयार होते आणि त्याचे सूक्ष्म तंतू धमनीच्या भिंतीत, भिंगाला धरून ठेवणाऱ्या दोऱ्यांत, हाडांच्या वेष्टनात, असे सर्वत्र विणलेले असतात. शिवाय वाढीचा एक संकेत हे तंतू आवरून धरतात. तंतू बिघडले की तो संकेत मोकाट सुटतो. भिंगाचे सरकणे, छातीच्या हाडाला पडलेला खड्डा, सपाट तळपाय आणि रुंदावणारी महाधमनी ही मला वर्षानुवर्षे वेगवेगळी दुखणी वाटत आली होती. जनुकाचा हा शोध १९९१ चा. आजाराला नाव मिळाले ते मात्र आंत्वान मार्फन या फ्रेंच बालरोगतज्ज्ञांमुळे, ज्यांनी १८९६ मध्ये लांबच लांब बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. गंमत अशी की त्या मुलीला हा आजार नसून याच्या जवळचा दुसराच विकार असावा, असे पुढच्या अनेक अभ्यासकांना वाटते.

रोजचे जगणे मात्र महाधमनीपेक्षा कंबरेभोवती अधिक फिरते. पाठीच्या कण्याच्या तळाशी मज्जारज्जूभोवतीचे आवरण फुगले आहे. अर्धा तास उभे राहिले की माकडहाडाच्या वर जडपणा साचतो आणि आडवे झाल्याशिवाय उतरत नाही. धमनीवरचा ताण कमी करणाऱ्या त्या गोळीमुळे, बीटा ब्लॉकरमुळे, नाडी मंद चालते, जिना चढताना पाय मागे राहतात. हे बाहेरून कुणाला दिसत नाही. उंच माणूस रांगेत खुर्ची मागतो तेव्हा लोक आधी त्याच्या उंचीकडे बघतात.

लेक अकरा वर्षांची आहे. आईबापांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. तो तिच्यात उतरला आहे, हे तपासणीत गेल्या वर्षीच कळले. तिची महाधमनी सध्या तिच्या अंगलटीच्या मानाने ठीक आहे. आज घरी आले तर ती आनंदाने सांगत होती की उंचीमुळे तिची बास्केटबॉलच्या संघात निवड झाली. मला फ्लो हायमन आठवली. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचे रौप्यपदक मिळवलेल्या अमेरिकी संघातली ही खेळाडू १९८६ मध्ये जपानमधल्या एका सामन्यादरम्यान कोसळली आणि वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. तिला मार्फन होता, हे मृत्यूनंतर कळले. लेकीला हे सांगितले नाही. संघात खेळता येणार नाही, एवढेच सांगितले, आणि ती जेवायची थांबली.

आता खेळाच्या शिक्षकांना चिठ्ठी लिहीत आहे. पहिल्या ओळीत ‘आजारी’ लिहिले आणि खोडले. धडक लागेल किंवा दम कोंडून जोर लावावा लागेल असे खेळ डॉक्टरांनी वर्ज्य केले आहेत, एवढेच ठेवले. खाली विचारले आहे की सराव संपल्यावर मैदान मोकळे असते तेव्हा तिला एकटीला, सावकाश, बास्केटमध्ये चेंडू टाकू द्याल का. डॉक्टरांची त्याला हरकत नाही.