वाऱ्याची भीती आणि एकेक पायरी

श्रीवर्धन, ११ जून

आज दुपारी वारा उठला, पोफळींचे शेंडे एकमेकांवर घासू लागले, आणि तरीही मागच्या पडवीची खिडकी मी उघडी ठेवली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा याच खिडकीतून मी वाडी आडवी होताना पाहिली होती. पोफळी मधोमध मोडत होत्या आणि प्रत्येक मोडण्याचा कडाड असा आवाज वाऱ्याच्या घोंघावण्यातूनही वेगळा ऐकू येत होता. त्यानंतर कितीतरी दिवस झावळी जोरात सळसळली तरी छातीत धडधडू लागे, तळहात ओले होत आणि हात आपसूक कडीकडे जाई.

कडी लावली की जिवाला बरे वाटे. गाठ नेमकी तिथेच बसते, हे समुपदेशक बाईंनी मला समजावून सांगितले. तो क्षणभराचा दिलासाच मनाला शिकवतो की संकट खरे होते आणि कडी लावली म्हणूनच आपण वाचलो. त्यामुळे पुढच्या वेळी भीती अधिक लवकर येते. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात भीतीचे प्रसंग सौम्यापासून तीव्रापर्यंत क्रमाने मांडून, शरीर सैल ठेवत, एकेक प्रसंग पार करण्याची पद्धत विकसित केली. माझा सरावही त्याच वाटेचा आहे. आधी साध्या झुळकीत खिडकीचे एक दार उघडून बसायचे, मग दोन्ही, मग पडवीत, मग अंगणात. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला अधिक वेळ द्यायचा, कारण त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. धडधड ओसरू लागेपर्यंत जागचे उठायचे नाही, ही अट सर्वांत कठीण आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचीही.

घरातली माणसे मायेने म्हणत, "मन घट्ट कर." पण मन हुकमाने घट्ट होत नाही, हात मात्र कडीवरून मागे घेता येतो, आणि हात पुरेशा वेळा मागे घेतला की मन हळूहळू त्याच्यामागून येते, असा माझा अनुभव आहे. मोबाइलवर वाऱ्याचा वेग सारखा पाहण्याची सवयही अशीच कमी करत आणली. आता सकाळ-संध्याकाळचा अंदाज पुरतो.

मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंच्या उपचारपद्धतीत एक भेद आहे, तो किनाऱ्यावर राहणाऱ्याने विसरू नये. भावना समोरच्या वस्तुस्थितीला धरून नसेल, तेव्हाच तिच्या ओढीच्या उलट वागायचे असते. हवामान खात्याने लाल इशारा दिला किंवा बंदरावर धोक्याचा बावटा चढला, तर भीतीचेच ऐकावे, गुरे आडोशाला न्यावीत आणि वेळेत पक्क्या घरात जावे. आजचा वारा मृगाचा, दरवर्षीचा होता.

उद्या असाच वारा असला तर सासूबाईंबरोबर वाडीतल्या विहिरीपर्यंत जायचे ठरवले आहे. जाताना त्या पुढे चालतील, परतताना मी एकटीने यायचे.