३८ हजार चाललेली गाडी का घेतली

सकाळी सात वाजता एक जुनी मोटरसायकल बघायला सिंहगड रोडवरच्या एका सोसायटीत पोहोचलो. मालकांना आदल्या रात्री दोनदा सांगितलं होतं, "गाडी चालू करू नका, मी आल्यावरच स्टार्टर मारू." हेल्मेट काढायच्या आधी इंजिनवर हात ठेवला. चांगलं गरम होतं. "आत्ताच दूध आणायला नेली होती," ते म्हणाले. खरंही असेल, पण मी चहा घेऊन तसाच परत निघालो. गार गाडी सुरू व्हायला किती वेळ घेते, पहिल्या झटक्याला सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या भागाचा) किंवा इंजिनातल्या टायमिंग चेनचा आवाज येतो का आणि आला तर अर्ध्या मिनिटात जातो का, हे दिवसातल्या पहिल्या स्टार्टलाच कळतं. सांगूनही ती संधी मिळणार नसेल तर पुढचं बघण्यात अर्थ नाही.

मला गाडी हवी होती ती पुणे ते सावंतवाडी या प्रवासासाठी. निपाणी, आजरा, आंबोली या रस्त्याने आम्ही दोघं वर्षातून चार-पाच वेळा गावी जातो, आणि १५० सीसीच्या गाडीवर सामान बांधून, मागे बायको बसवून घाट चढताना इंजिनचे हाल बघवत नव्हते. नवी घेण्याइतके पैसे नव्हते. दीड लाखात जुनी घ्यायची आणि वरचे वीस हजार कामासाठी वेगळे ठेवायचे असं ठरवलं. हे वीस हजार आधीच बाजूला काढले हे फार बरं झालं, कारण जुनी टूरिंग गाडी दारात आल्यावर पहिल्या महिन्यात खर्च काढतेच.

दोन महिन्यांत सहा गाड्या बघितल्या. प्रत्येक वेळी काका बरोबर होते. काका म्हणजे आमचे मेकॅनिक, माझ्या वडिलांची स्कूटरसुद्धा तेच दुरुस्त करायचे. त्यांचा एक दिवसाचा धंदा बुडतो म्हणून त्यांना प्रत्येक खेपेचे पैसे दिले. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही.

सुरुवातीला मी किलोमीटर बघूनच गाड्या निवडत होतो. दहा हजारांच्या आतली मिळाली की खूश. अशीच एक ९ हजार चाललेली गाडी कोथरूडला बघितली. मालक परदेशी, गाडी तीन वर्षं पार्किंगमध्ये कव्हर घालून. रंग नव्यासारखा, टायरची नक्षी पूर्ण शाबूत. काका खाली बसले आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी शिक्का शोधू लागले. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर सहा वर्षांचा निघाला. नखाने दाबला तर रबर दबेना, आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा होत्या. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारला तर आत तांबूस गंज. बॅटरी बसलेली, पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, सील सुकलेलं, चेनच्या कड्या जागोजाग आखडलेल्या. काका म्हणाले, "अरे, उभ्या गाडीचं वय मीटरवर दिसत नाही." त्या दिवसापासून मी किलोमीटरच्या आकड्याकडे बघणं सोडलं.

आणखी एक गाडी मला अजून आठवते, कारण ती मी जवळजवळ घेतलीच होती. एका विक्रेत्याकडे उभी होती, ११ हजार चाललेली, किंमत बाजारापेक्षा वीस हजारांनी कमी, नंबर कोकणातला. इंजिनचा आवाज गोड. मी टोकन द्यायला खिशात हात घातला आणि काका म्हणाले, "थांब जरा." त्यांनी सीट काढली. खालचा प्लास्टिकचा ट्रे स्वच्छ पुसलेला होता. मग त्यांनी मागच्या दिव्याच्या काचेत टॉर्च मारला. काचेच्या आत, अगदी खालच्या कोपऱ्यात, नखाएवढा चॉकलेटी थर बसला होता आणि त्याची वरची कड पाण्याच्या पातळीसारखी सरळ होती. काचेच्या आतली धूळ अशी सरळ रेषेत बसत नाही. त्यांनी वायरिंगचा एक कनेक्टर सोडवला तर आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली. ही गाडी नेमकी कुठल्या पाण्यात होती ते मला माहीत नाही, पण पाण्यात होती हे नक्की. इंजिन धुऊन, तेल बदलून चालतं करता येतं. वायरिंग, सेन्सर आणि एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट मात्र वर्षभराने, आणि हमखास घाटात, त्रास द्यायला लागतं. मी विक्रेत्याकडे आधीच्या विम्याचे कागद मागितले. एका वर्षी नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के होता आणि पुढच्या पॉलिसीत एकदम शून्य. म्हणजे मधे क्लेम घेतलेला होता, किंवा विमा खंडित तरी झाला होता. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही गाडीच्या निदान दोन वर्षांच्या पॉलिसी मी मागतोच. त्या एका आकड्यात बरंच काही दिसतं.

पडलेली गाडी ओळखायची जागाही काकांनीच दाखवली. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि ते जिथे अडतं तो फ्रेमवरचा स्टॉपर बघायचा. समोरून जोरात आदळलेल्या गाडीचा स्टॉपर दबलेला असतो किंवा तिथला रंग उडालेला असतो. टाकी, इंडिकेटर, लीव्हर, क्रॅशगार्ड सगळं नवं बसवता येतं, पण तिथे कुणी फिरकत नाही. एक गाडी आम्ही एवढ्यावरच सोडली.

मग हडपसरची गाडी. रॉयल एन्फील्डची हिमालयन ४११, २०२० ची, बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची), मीटरवर ३८ हजार. दोन महिन्यांपूर्वी मी ती उघडूनही बघितली नसती. हेच मॉडेल का, तर सीटची उंची ८०० मिलिमीटर, माझे पाय टेकतात. १५ लिटरची टाकी. इंजिनला रेडिएटर नाही, त्यामुळे आजऱ्याच्या बाजारातला मेकॅनिकही हात घालू शकतो. स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर, म्हणजे पंक्चर काढायला वेळ जातो खरा, पण ते कुठेही निघतं. वर्ष ठरवताना एवढं लक्षात ठेवलं की सुरुवातीच्या २०१६ च्या गाड्या कार्ब्युरेटरच्या, फ्युएल इंजेक्शन २०१७ मध्ये आलं, एबीएस २०१८ मध्ये, आणि बीएस६ मध्ये मागच्या चाकाचं एबीएस बंद करता येतं.

मालक पन्नाशीचे, पाठीच्या दुखण्याने डॉक्टरांनी गाडी बंद केलेली. त्यांनी आधी एक दोनशे पानी वही पुढे केली. प्रत्येक सर्व्हिस, तेल कधी बदललं, चेन कधी, ब्रेक पॅड कधी, सगळं तारखेनिशी, बिलं टाचून. मी वहीतले किलोमीटर आणि मीटरचा आकडा जुळवला. फूटरेस्टचं आणि गिअरच्या लीव्हरचं रबर झिजलेलं होतं, ते ३८ हजारांना शोभेल इतकंच. मीटर मागे फिरवलेल्या गाडीत हे रबर खरं बोलतं. इंजिन गार होतं. एका सेल्फला सुरू झालं, थोडा टॅपेटचा टिकटिक आवाज, धूर नाही.

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन काकांनी मागून दाबली, पुढचं चाक अधांतरी झालं. मी एका बोटाने हँडल सावकाश फिरवलं. बरोबर मध्यावर आल्यावर ते किंचित अडखळलं, जणू खाचेत बसलं. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलेला. इतक्या किलोमीटरनंतर जाणारच. फोर्क दोन-चारदा दाबल्यावर डाव्या नळीवर तेलाचं बारीक कडं उमटलं, म्हणजे सील गेलेलं. मागच्या स्प्रॉकेटवरची (दात्यांच्या चक्रावरची) चेन बोटांनी मागे ओढली तर अर्धा दात उघडा पडला, म्हणजे चेनकिटही (चेन आणि स्प्रॉकेट) संपत आलेलं. काकांनी दोन्ही चाकांच्या स्पोकवर एकेक करून पान्याने टिचकी मारली. ढिला स्पोक बद्द वाजतो. दोन तसे वाजले. रिम वाकलेली नव्हती.

यानंतर ज्या जागेला मी सगळ्यात जास्त घाबरत होतो ती बघितली. टूरिंग गाडीवर वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंना पेट्या लटकलेल्या असतात. मागच्या सबफ्रेमला (सीटखालच्या सांगाड्याला) जिथे रॅकचे नटबोल्ट बसतात तिथे सगळा भार येतो, आणि वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी भेग पडते. काकांनी डिझेलने भिजवलेल्या फडक्याने तो भाग पुसला, मी खाली वाकून टॉर्च धरला. रंगावर एक रेघ दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी नखाने खरवडलं. वायरच्या घर्षणाचा ओरखडा होता, खाली लोखंड अखंड. चारही जागा आम्ही अशाच बघितल्या, पंधरा-वीस मिनिटं त्यातच गेली. जादा लाइट बसवलेले होते, पण त्यांना वेगळा रिले आणि फ्यूज होता, मूळ वायरिंग कुठेही कापलेलं नव्हतं. हे बघून मला मालकांबद्दल खरा आदर वाटला.

चालवायला दिवे घाटापर्यंत नेली. एबीएसचा दिवा गाडी हलल्यावर गेला, हे आवर्जून बघा, कारण तो दिवाच काढून टाकलेल्या गाड्या असतात. चावी फिरवल्यावर तो आधी लागला पाहिजे आणि मगच गेला पाहिजे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एकदम थ्रॉटल दिला, आरपीएमबरोबर वेगही वाढला, म्हणजे क्लच घसरत नव्हता. ब्रेकला लीव्हर थरथरला नाही. परतताना बायकोला मागे बसवलं, कारण ती तासन् तास बसणार होती. खड्ड्यात मागचा शॉकअप बुडाला नाही. घाटात गरम झालेलं इंजिन बंद करून लगेच पुन्हा सुरू करून पाहिलं.

मागणी एक लाख त्रेपन्न होती. कोनसेट, सील, चेनकिट आणि मागचा टायर यांचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला, त्यांनी स्वतः एक आकडा दुरुस्त केला, आणि एक चाळीसला ठरलं.

कागदांनी मात्र तीन आठवडे घेतले. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर बँकेचा बोजा दिसला. कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलेलं, पण आरसीवरून बँकेचं नाव काढायचं राहून गेलं होतं. मी पाच हजार टोकन दिलं आणि स्पष्ट सांगितलं की बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागून बोजा उतरला की उरलेले पैसे. त्यांनाही ते पटलं. दरम्यान ई-चलान तपासली, तीन बाकी होती, त्यांनी भरली. चॅसी नंबर फ्रेमच्या मानेवर पुसून स्वतः वाचला, आरसीशी एकेक अक्षर जुळवून. नंबर प्लेट उच्च सुरक्षा असलेलीच होती. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी घेणार असाल तर ती बसवली आहे का ते आधी विचारा. दुसरी चावीही मागून घेतली.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या माझ्यासमोर झाल्या. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून "नाव नंतर करून घ्या" म्हणणारे भेटतात, त्यात दोघांचंही नुकसान आहे. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि विमा आपल्या नावावर करायला १४ दिवस. नो क्लेम बोनस मालकाबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची थोडी रक्कम भरावी लागली. ताबा घेतला त्या दिवशी एका कागदावर तारीख आणि वेळ लिहून दोघांनी सह्या केल्या: सायंकाळी ५.४०. त्या क्षणापासून गाडीमुळे जे होईल त्याची जबाबदारी माझी.

कामाला एकूण १६ हजार ४०० लागले, मजुरी धरून. ब्रेक ऑइल आणि एअर फिल्टरही त्यातच बदलून घेतले.

आरसी पोस्टाने आली त्या दुपारी हडपसरला फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव झालं का?" आरसीचा फोटो पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा निरोप आला, की वहीत शेवटची चाळीस पानं कोरी आहेत, ती मी वापरावीत. चेनकिट बदलल्याची तारीख मी त्याच रात्री लिहिली.