पुरात गेलेले २७० तास

नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यावं, पासपोर्टवर घेऊ नये. निदान परदेशातलं नर्सिंगचं लायसन्स हातात पडेपर्यंत तरी नाही. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण मला मेसेज करणाऱ्या ज्युनिअर मुलींपैकी निम्म्या जणींनी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात हाच उद्योग करून ठेवलेला असतो. मार्कशीटवर वडिलांचं नाव, कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर सासरचं. मग प्रतिज्ञापत्र करा, गॅझेट करा, प्रत्येक पाकिटात त्याची प्रत जोडा. मी हे सगळं करून बसले आहे. पण तो त्रास पुढच्या त्रासापुढं काहीच नव्हता.

मी माहेरची मिरजेची, सासर सांगलीत. बी.एस्सी. नर्सिंग २०१५ साली झालं. मिरजेत एका हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात चार वर्षं काढली आणि २०२० पासून घरी जाऊन पेशंट बघायला लागले. कोरोनात दवाखान्याची पायरी चढायला लोक घाबरत होते, त्यामुळं ड्रेसिंग, कॅथेटर, रायल्स ट्यूब, पॅरालिसिसच्या आजोबांचे बेडसोअर अशी कामं विश्रामबागेपासून वानलेसवाडीपर्यंत रोज मिळायची. ॲक्टिव्हावर सहा-सात घरं व्हायची. नवरा तेव्हा अमेरिकेत, न्यू जर्सीत होता. आज मीही तिथं होम हेल्थ नर्स आहे, म्हणजे पुन्हा घरोघरीच. मधल्या काळातलं जे सुरळीत झालं ते मला धड आठवतही नाही. आठवतात ते सात महिने आणि आमच्या कॉलेजच्या ऑफिसातली ती एक खुर्ची, जिचा एक पाय आखूड आहे.

कॉलेजचं नाव लिहीत नाही. जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आपापलं समजून घ्या.

अमेरिकेत नर्सिंगचं लायसन्स देशाचं नसतं, प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं. बाहेर शिकलेल्या नर्सचं शिक्षण आधी तपासून घ्यावं लागतं. ते काम करणारी जुनी संस्था म्हणजे सीजीएफएनएस, आता तिचं नाव ट्रूमेरिट झालंय. त्यांना नुसते मार्क नको असतात. प्रत्येक विषयाचे वर्गातले तास किती आणि वॉर्डातले किती, हे वेगवेगळं लागतं. मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य, सगळ्यांचं. आणि तो कागद कॉलेजनं थेट त्यांना पाठवायचा. तुमच्या हातातून गेलेला चालत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मी त्या तासांचा फॉर्म घेऊन कॉलेजात गेले. भाऊसाहेबांनी, म्हणजे ऑफिसातल्या क्लार्कनी, तो उलटा-सुलटा करून बघितला.

"तास? तासाचं काय लिवायचं? मार्क लिवलेत की मार्कशीटवर."

मी समजावलं. त्यांनी "ठेवून जावा" म्हटलं. पाच फेऱ्यांनंतर पाकीट तयार झालं. झाकणावर सही-शिक्का, सगळं व्यवस्थित. मला इतका आनंद झाला की त्यांनी "तुम्हीच टाका कुरिअरला, आमच्याकडं माणूस न्हाई" म्हटल्यावर मी धन्यवाद म्हणून पाकीट घेतलं आणि विश्रामबागेतल्या कुरिअरवाल्याकडं पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहून मोकळी झाले. अर्थात ते नाकारलं गेलं. हा माझाच मूर्खपणा, कुणाला बोल लावत नाही. कुरिअरच्या पावतीवर पाठवणारा म्हणून कॉलेजचंच नाव-पत्ता हवा. पैसे तुम्ही भरा, शिपाईमामांना गाडीवर बसवून न्या, पण पावती कॉलेजची.

दुसरं पाकीट जानेवारीत गेलं, मामांना गाडीवर बसवून. मार्चमध्ये उत्तर आलं: मानसिक आरोग्य या विषयाचे वॉर्डातले तास दिलेले नाहीत. मी ऑफिसकॉपी काढायला लावली. थिअरी ९०. पुढच्या रकान्यात एक आडवी रेघ.

"भाऊसाहेब, ही रेघ कसली?"

"त्याचं रेकॉर्ड न्हाई. रत्नागिरीचं पोस्टिंग हुतं न्हवं तुमचं? ते पुरात गेलं."

आता सांगलीकराला पुराचं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या दिवसांत मी मिरजेत सलग ड्युट्या केल्या. पण आमचं कॉलेज माळावर आहे. कृष्णेचं पाणी तिथं यायचं तर आधी अख्खी सांगली बुडायला हवी. इतकंच नाही, गावभागातल्या पूरग्रस्तांची राहायची सोय आमच्याच कॉलेजच्या हॉलमध्ये केली होती. का? तर तिथं पाणी येत नाही म्हणून! मी स्वतः तिथं ओआरएसची पाकिटं वाटली होती. हे सगळं मी त्यांना जरा चढ्या आवाजात सांगितलं.

भाऊसाहेब शांत. "कॉलेजात कुठं आलं? संस्थेच्या जुन्या ऑफिसात आलं. रेकॉर्ड तिथं हुतं."

त्यानंतर दोन महिने हाच खेळ. मी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा आमच्या वेळचा छापील अभ्यासक्रम नेला. त्यात स्वच्छ लिहिलेलं: मानसिक आरोग्य, थिअरी ९०, प्रात्यक्षिक २७०. त्यावर बोट ठेवून म्हटलं, हे घ्या, २७० लिहा. तर म्हणाले, "सिलॅबसात हाय म्हणून तुमी केलंच असं कुठं लिवलंय?" मी रागानं थरथरत बाहेर आले आणि गेटपर्यंत पोचेस्तोवर लक्षात आलं की माणूस बरोबर बोलतोय. प्रिन्सिपल मॅडम २०२१ ला आलेल्या, त्याही हेच म्हणाल्या. जे मी बघितलं नाही आणि ज्याचा कागद नाही, त्यावर सही कशी करू? चूक त्यांची नव्हती. पण मग चूक कुणाची, हे सांगायला ऑफिसात कुणी बसलेलं नव्हतं.

आणि मी तर ते तास केले होते! आंबा घाटातून एसटीनं रत्नागिरीला गेलो होतो आम्ही, निम्म्या मुली घाटात ओकल्या होत्या. प्रादेशिक मनोरुग्णालयातल्या वॉर्डात रोज सकाळी बसून मेंटल स्टेटस एक्झामिनेशन लिहिलं होतं. एक आजी रोज मला स्वतःची सून समजून रागवायच्या. हे सगळं डोक्यात लख्ख, आणि कागदावर आडवी रेघ. माझी केस बुक, प्रोसिजर बुक? परीक्षा झाल्यावर कॉलेजात जमा केलेली. म्हणजे तीही पुरात.

नवरा तिकडून फोनवर म्हणायचा, कॉलेजला ईमेल कर ना. मी एकदा ऑफिसात विचारलं. कॉलेजचा ईमेल होता, पण पासवर्ड ज्यांच्याकडं होता ते सर नोकरी सोडून गेले होते.

सुटका केली ती आमच्या मानसिक आरोग्याच्या निवृत्त मॅडमनी. वर्गातल्या एका मैत्रिणीकडून नंबर मिळाला. त्या तासगावला राहतात. फोनवर हकीकत ऐकली आणि एवढंच म्हणाल्या, "ये." मे महिन्याच्या उन्हात गाडीवर गेले. त्यांनी चहा दिला, बेदाणे दिले, मला बारीक झालीस म्हणाल्या, आणि मग कपाटातून साडीचा एक खोका काढला. आत आमच्या बॅचचा मास्टर रोटेशन प्लॅन! हातानं आखलेला, लाल-निळ्या शाईत, प्रत्येक गटाचं नाव, कुठल्या आठवड्यात कुठं, रोजचे तास किती. रत्नागिरीचे आठवडे, सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीचे दिवस, सगळं. खाली प्रिन्सिपलची सही आणि कॉलेजचा शिक्का. बेरीज केली, २७०. मला तिथंच रडू आलं. मॅडम म्हणाल्या, "मी सगळ्या बॅचेसची एक प्रत घरी ठेवायचे. ऑफिसवर माझा विश्वास नव्हता."

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपल मॅडमनी दहा मिनिटांत सही केली. भाऊसाहेब कागद न्याहाळत म्हणाले, "हे आदीच आणायचं की."

तर कॉलेज सोडायच्या आधी मास्टर रोटेशन प्लॅनचा फोटो काढून ठेवा. क्लिनिकल पोस्टिंगच्या पत्रांचेही. आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे हा मार्क-तासांचा कागद, पाठवण्याआधी प्रत्येक रकाना स्वतः बघा. आडवी रेघ म्हणजे शून्यच धरतात.

परीक्षेचं विचारतात सगळे. एनसीएलएक्स, म्हणजे तिकडच्या लायसन्सची परीक्षा, मुंबईत दिली. ८५ प्रश्नांवर कॉम्प्युटर बंद झाला, म्हणजे परीक्षा संपली, आणि पास झाले. एप्रिल २०२३ पासून नवीन पद्धतीत किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न असतात. बंद झाल्यावर घाबरू नका. ओळख म्हणून पासपोर्टच चालतो आणि त्यावरचं नाव परीक्षेच्या परवानगीपत्रातल्या नावाशी तंतोतंत जुळावं लागतं. म्हणून म्हटलं, उखाण्यात.

कामाचा परवाना मला एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळं मिळणाऱ्या जोडीदाराच्या व्हिसावर मिळाला, कारण त्याच्या कंपनीनं त्याच्यासाठी ग्रीनकार्डकरता केलेली आय-१४० मंजूर होती. स्वतःच्या नोकरीवर यायचं असेल तर ईबी-३ हा नोकरीवरच्या ग्रीनकार्डचा वर्ग, व्हिसास्क्रीन हे परदेशी नर्सला लागणारं प्रमाणपत्र आणि भारतीयांची कित्येक वर्षांची रांग, तो रस्ता निराळा. त्याबद्दल मी शहाणपण सांगणार नाही.

न्यू जर्सीत आल्यावर वाटलं, आता काय, लायसन्स आहे, घरोघरी जायचा अनुभव आहे, होम हेल्थ एजन्सी हातोहात घेतील. कुणी घेईना. बहुतेक ठिकाणी हॉस्पिटलमधला किमान एक वर्षाचा अनुभव मागतात, कारण पेशंटच्या घरात तुम्ही एकट्या असता, शेजारी सिस्टर नसते की डॉक्टर नसतो. हे पटण्यासारखं आहे. मिरजेची चार वर्षं त्यांनी धरली, कारण पत्रावर वॉर्डाचं नाव, बेडची संख्या आणि आठवड्याचे तास होते. तुम्हीही असंच पत्र घ्या, नुसतं "कामात प्रामाणिक होत्या" असलं नको. पण सांगलीतली घरोघरीची तीन वर्षं, जी या कामाला खरी उपयोगी, ती धरेनात. पेशंटच्या मुलानं जीपेवर पैसे पाठवले त्याला लेटरहेड कुठलं? शेवटी पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून मागाहून पत्र मागवलं.

शिवाय गाडी. चारचाकीचं लायसन्स, स्वतःची गाडी, तिचा विमा, यांशिवाय इथं कुणी मुलाखतीलाही बोलवत नाही. मी आयुष्यात ॲक्टिव्हाशिवाय काही चालवलं नव्हतं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चारचाकी शिकण्यात पाच महिने गेले. ते सांगलीतच शिकून आले असते तर? तुम्ही शिकून या. एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी: न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्यानं बंदी आहे, पंपावरचा माणूसच भरतो. पहिल्यांदा काच खाली करून "फुल" म्हटलं तेव्हा कोल्हापूर रोडवर असल्यासारखं वाटलं.

नोकरी मिळाली ती पाचव्या मुलाखतीत. नर्सिंग डायरेक्टर बाईंनी विचारलं, अनोळखी घरात गेल्यावर तुझी बॅग कुठं ठेवतेस? कम्युनिटी पोस्टिंगमध्ये आम्हाला बॅग टेक्निक शिकवायचे. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग, मग हात धुवायचे, मग बॅग उघडायची. मुली त्याची टिंगल करायच्या. मी विश्रामबागेत रोज जुना पुढारी अंथरून तेच करत होते. तसंच सांगितलं, फक्त पुढारी म्हणजे काय ते समजावण्यात दोन मिनिटं गेली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आम्ही डिस्पोजेबल कागद देतो, बाकी हेच. डॉक्टरांचं पत्र त्यांनी तेव्हा कुठं पूर्ण वाचलं.

काम म्हणाल तर हात तेच, लिखाण तिप्पट. मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पेशंट सहसा घराबाहेर पडू न शकणारा, डॉक्टरनं मंजूर केलेला प्लॅन ६० दिवसांचा, आणि पहिल्या भेटीत ओएसिस नावाची भलीमोठी तपासणी भरायची. पेशंट कपडे कसे घालतो, अंघोळ कशी करतो, गोळ्या स्वतः घेतो का, सगळं. मी एकही रकाना रिकामा सोडत नाही. सहकारी हसतात. त्यांना भाऊसाहेब ठाऊक नाहीत.

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या एका मुलीचा मेसेज आला. २०२५ ला पास झालेली, ट्रान्सक्रिप्ट मागायला गेली होती. मानसिक आरोग्याचे तास विचारले तर ऑफिसात म्हणाले, ते रेकॉर्ड पुरात गेलं. तिनं प्रवेश घेतला तो डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर २०१९ आणि २०२१ चे दोन्ही महापूर ओसरून गेले होते. मी तिला तासगावच्या मॅडमचा नंबर पाठवणार होते, मग आठवलं की त्या तिच्या आधीच निवृत्त झाल्यात. तिला विचारलंय, तुमच्या मॅडम सध्या कुठं राहतात?