आई म्हणाली, आधी वाचते

आईला माहेरच्या घराबद्दल बोलताना मी कधी ऐकलंच नव्हतं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं ते घर आजोबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं, मृत्युपत्र वगैरे काही नाही, आजोबा गेले, मग आजी गेली, आणि आता बिल्डर विचारतोय म्हटल्यावर मामाची घाई सुरू झाली. आज तो हक्क कमीचा, म्हणजे आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद घेऊन आला. सोबत पेढे. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या, म्हणजे वाचायचं कामच नाही. "ताई, फॉर्मॅलिटी आहे गं, सगळ्याच बहिणी करतात."

आईने चष्मा लावला. कागद गुजरातीत, पण ती इथेच वाढलेली, तिला काय अडणार. 'राजीखुशीने, काही मोबदला न घेता' अशा अर्थाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आज सही नाही करत मी. ठेवून जा, वकिलाला दाखवते, मग सांगते." आवाज अजिबात चढवला नाही पण कागद धरलेला हात थरथरत होता, मी शेजारीच होते.

मग काय, तुझ्या लग्नात बाबांनी काही कमी केलं का, लोक काय म्हणतील, आणि शेवटी ते ठेवणीतलं, बहिणींनी हिस्सा मागितला की माहेर तुटतं. ह्या वाक्याचा मला मनापासून राग येतो. माहेर टिकवायची जबाबदारी दरवेळी बहिणीच्याच सहीवर का? आई म्हणाली, "अरे, मी वाचते म्हटल्याने तुटतंय का ते?" मामा गप्प.

अजून कितीतरी जणींना वाटतं की लग्न झालं, हक्क संपला. तसं नाहीये. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे, फक्त राहत्या घराची वाटणी भाऊ करत नाहीत तोवर तिला मागता येत नव्हती, ते कलम २००५ मध्ये काढून टाकलं. वडिलोपार्जित मिळकतीत तर जन्मापासून हक्क, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आणि एकदा हक्क कमी रजिस्टर झालं की ते सहजासहजी फिरवता येत नाही, म्हणून तर वाचायचं.

आणि हे आपल्या बडोद्यात! १९२७ मध्ये पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं त्याच्या अध्यक्षा आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या, १९३१ मध्ये सयाजीरावांनी इथे हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. तेवढं जुनं सगळं असून घरात मात्र बाईने कागद वाचला तरी सगळ्यांचे चेहरे बदलतात.

आई कदाचित हिस्सा सोडेलही, मामावर तिचा जीव आहे, ते तिचं ती ठरवेल. पण समजून सोडणं वेगळं आणि फुली बघून सही करणं वेगळं.

रात्री मावशीचा सुरतहून फोन आला, मामाने तिला आधीच सगळं सांगितलं होतं. मला वाटलं आता ही पण ओरडणार. तर ती म्हणे, "माझ्या कागदावर पण अशाच फुल्या आहेत, मी अजून सही नाही केली, गुरुवारी वकिलाकडे मी पण येते." आईने तिला आजोबांच्या खरेदीखताची झेरॉक्स आणायला सांगितलंय.