नायट्रोच्या पॅनलपर्यंत : माझा अनुभव

रोलर कोस्टर चालवणारा माणूस प्रत्यक्षात ती चालवत नाही. गाडी सुटू द्यायची की नाही, एवढेच तो ठरवतो. हे ठरवण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी त्याला काय काय शिकावे लागते, याची कल्पना रांगेत उभ्या असलेल्यांना सहसा नसते. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावरील सांगडेवाडी येथे एप्रिल २०१३ मध्ये इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. तेथील ‘नायट्रो’ या कोस्टरवर मी कामाला होतो. त्या वेळी उद्यानाच्या नावात ‘अ‍ॅडलॅब्ज’ होते. पुढे २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले, पण तोवर मी ती नोकरी सोडून कारखान्याच्या सुरक्षा विभागात रुजू झालो होतो. येथे लिहितो आहे ते रांगेच्या तोंडापासून पॅनलच्या, म्हणजे गाडी सोडण्याची बटणे असलेल्या नियंत्रणफलकाच्या, खुर्चीपर्यंतच्या माझ्या वाटचालीबद्दल.

भरती झालेल्यांत आम्ही बरेच जण खोपोली, कर्जत, पाली, पेण या भागांतील होतो. कोणी आयटीआय केलेला होता, कोणी हॉटेलात काम केलेला, तर कोणी माझ्यासारखा वाणिज्य शाखेचा पदवीधर. खोपोलीत नोकरी म्हणजे कारखाना हे पिढ्यान्‌पिढ्यांचे समीकरण असल्यामुळे ही नोकरी घरी समजावून सांगणे जरा जड गेले, आणि आजोबांची तर मी जत्रेतला आकाशपाळणा फिरवतो अशी शेवटपर्यंत समजूत होती.

प्रशिक्षणाच्या सुरुवातीला यंत्राला हातही लावू दिला नाही. वर्गात बसून आधी शिकायचे ते ‘समोर’, म्हणजे पाहुण्यांना दिसणारा भाग, आणि ‘मागे’, म्हणजे फक्त कर्मचाऱ्यांचा भाग, यांतील अंतर. फ्लोरिडातील डिस्नेचे मॅजिक किंगडम हे उद्यान १९७१ मध्ये उघडले, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी उद्यानाखाली मार्गिकांचे जाळे बांधण्यात आले होते, हे आम्हांला पहिल्यांदा त्या वर्गात कळले. त्या भागात भूजल फार वर असल्यामुळे खोल खणणे शक्य नव्हते. म्हणून मार्गिका जमिनीच्या पातळीवर बांधल्या आणि उद्यान त्यांच्यावर उभारले. म्हणजे तेथे येणारे लोक खरे तर दुसऱ्या मजल्यावर फिरत असतात. आमच्याकडे भुयारे नव्हती. इमारतींच्या पाठीमागून जाणारे साधे सेवारस्ते, पत्र्याच्या भिंती आणि त्यांतील न सजवलेली दारे होती, आणि समोरून महाल दिसणारी वास्तू मागून निव्वळ गोदाम असे. त्या दारातून बाहेर पडताना गणवेशाचे बटण, नावाची पट्टी आणि चेहरा तिन्ही तपासायचे, असा दंडक होता. बाहुल्यांच्या वेशात वावरणाऱ्या मुलांना तो सर्वांत कडक. टब्बी हत्तीच्या पोटातल्या मुलाला मे महिन्याच्या उन्हात कितीही गुदमरले, तरी हत्तीचे डोके उतरायचे ते दार बंद झाल्यावरच. त्यांच्या पाळ्या म्हणूनच आखूड असत आणि बरोबर एक सोबती कायम असे, कारण आतल्या माणसाला बाजूचे काही दिसत नाही. मला तो वेश चढवावा लागला नाही, याबद्दल मी आजही समाधानी आहे.

नायट्रोवर माझी पहिली नेमणूक झाली ती रांगेच्या तोंडाशी, उंचीच्या पट्टीजवळ. या जागेला सगळेच हलके समजतात, पण माझ्या मते संपूर्ण कोस्टरवरील ही सर्वांत अवघड जागा आहे. कारण यंत्राशी वाद होत नाही आणि येथे दिवसभर माणसांशीच गाठ असते. उंचीची अट ही धाडसाची किंवा वयाची परीक्षा नसते. खांद्यांवरून येणारा हार्नेस, म्हणजे माणसाला आसनात धरून ठेवणारी चौकट, ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी केलेला असतो, आणि लहान मूल त्याच्या पकडीतून खाली सरकू शकते, एवढाच तिचा अर्थ. तो पालकांच्या गळी उतरवणे मात्र कठीण. बुटात रुमाल घालून आणलेली, वडिलांच्या इशाऱ्यावर टाचा उचलणारी मुले मी पाहिली आहेत. ‘अहो, दोन बोटांचा तर फरक आहे, आम्ही नाशिकहून एवढ्या लांब आलोय,’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांना ‘काका, मोजपट्टी माझी नाही, यंत्राची आहे,’ असे मी शांतपणे सांगायला शिकलो. मुलासमोर वडिलांचा मान राखून नकार देणे हे वर्गात कोणी शिकवत नाही. उद्यानातील लहानांच्या राइड्सची नावे मी मुलाला सांगत असे, वडिलांना नव्हे. मूल तिकडे वळले की वडीलही मुकाट्याने वळत.

तेथेच बाजूला चाचणीचे आसन होते. हार्नेस खाली येऊन त्याला जोडलेला पट्टा आसनाच्या बाजूच्या कडीत अडकला, तरच आत सोडायचे. लोकांना वाटते की ही अडचण फक्त लठ्ठ माणसांची आहे. प्रत्यक्षात व्यायामशाळेत कमावलेल्या रुंद छातीचे तरुणही तेथे अडत, आणि मित्रांच्या घोळक्यात त्यांची जी पंचाईत होई ती पाहवत नसे. मी तेव्हा मित्रांना आधी पुढे पाठवी आणि मगच त्याच्याशी बोले.

त्यानंतर फलाट. नायट्रो ही बिनतळाची कोस्टर आहे. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीने ती बनवली आहे. सुमारे ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास वेग, मार्गात पाच वेळा डोके खाली आणि पाय वर, आणि एका ओळीत चौघे. डब्याला तळ नसल्यामुळे पाय अधांतरी राहतात. मात्र चढण्या-उतरण्यासाठी पायांखाली काही तरी हवेच, म्हणून स्थानकातील जमीनच सरकती केलेली असते. सगळे तपासून झाले की ती खाली जाते, गाडीसमोरचे फाटक उघडते आणि पाय एकदम हवेत लोंबू लागतात. तोवर गप्पा मारणारी माणसे नेमकी या क्षणी गप्प होतात. चपला, सँडल्स मात्र त्याआधीच काढून ठेवाव्या लागत, कारण पाच उलटापालटींत पायातले काहीही टिकत नाही. फलाटाच्या पलीकडे कोल्हापुरीपासून महागड्या बुटांपर्यंत सगळ्यांची रास लागे. चप्पल बदलून गेल्याची तक्रार घेऊन येणारे लोकही तेथे भेटत, आणि त्यांची समजूत काढणे हाही आमच्याच कामाचा भाग होता.

हार्नेस तपासण्याची पद्धत ठरलेली होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ठरलेल्या क्रमाने, प्रत्येक हार्नेस एकदा खाली दाबायचा, एकदा वर ओढायचा, पट्ट्याला हात लावायचा आणि मगच पुढच्या आसनाकडे जायचे. नुसत्या नजरेने पाहिलेले आसन तपासलेले धरत नसत. आम्हांला शिकवणारे सर सरावाच्या वेळी एखाद्या सहकाऱ्याला पट्टा न लावता हात मांडीवर ठेवून साळसूदपणे बसायला सांगत, आणि तो कोण शोधतो हे लांबून पाहत. सुरुवातीला हा खेळ वाटे. पण सुटीच्या दिवशी दुपारी तेच हातवारे शेकडो वेळा करून झाल्यावर हात आपोआप चालू लागतो आणि मन दुसरीकडे जाते, तेव्हा त्या खेळाचे कारण उमगते. माझ्यापुरता मी एक उपाय शोधला होता : प्रत्येक ओळीतील एकाच्या तरी डोळ्यांत पाहून काही तरी बोलायचे. त्यामुळे ओळी एकमेकींत मिसळत नसत.

येथे एक प्रश्न मला आजही विचारला जातो. सर्व हार्नेस नीट बंद झाल्याचा संकेत मिळाल्याशिवाय संगणक गाडी सोडतच नाही, मग माणसे कशाला हवीत? हार्नेस बंद आहे हे संगणकाला कळते. त्याखाली बसलेल्या बाईंची ओढणी बाहेर लोंबते आहे, कोणी मुठीत मोबाइल लपवला आहे, किंवा मित्रांच्या आग्रहाखातर बसलेला मुलगा पांढराफटक पडला आहे, हे कळत नाही. अशा मुलाला मी फारसे न बोलता उतरवून घेई. त्यासाठी गाडी थांबवली म्हणून मला कोणी कधी जाब विचारला नाही.

आणि तरीही गणित डोक्यात चालू असेच. दर १२० सेकंदांनी गाडी सुटली तर तासाला ३० फेऱ्या होतात, १५० सेकंदांनी सुटली तर २४. म्हणजे प्रत्येक फेरीला अर्धा मिनिट वाढला की तासाभरात सहा गाड्यांइतकी माणसे उन्हात उभी राहतात. बाहेर लावलेला प्रतीक्षेचा आकडा या अर्ध्या मिनिटावर हलतो. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली येत, तेव्हा शिक्षक ओळी लावूनच मुले आणत आणि काम झपाट्याने होई. सर्वांत जास्त वेळ लागे तो कार्यालयीन सहलींना, कारण साहेबांच्या शेजारी कोण बसणार हे फलाटावर ठरत असे.

फलाटावर हात बसल्यावर पॅनलचे प्रशिक्षण सुरू झाले आणि तेथे पहिल्यांदा मला यंत्र समजू लागले. संपूर्ण मार्ग ‘ब्लॉक’ नावाच्या भागांत विभागलेला असतो आणि एका भागात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढचा भाग रिकामा झाल्याची खूण मिळाली नाही, तर मागची गाडी चढणीवर किंवा ब्रेकवर आपोआप थांबते. लोकांना गाडी चढणीवर थांबली की बिघाड वाटतो. पुष्कळदा व्यवस्था ठरल्याप्रमाणे वागत असते. ब्रेकचे तत्त्व तर मला फारच आवडले. ते मिटून गाडी धरण्यासाठी ऊर्जा लागत नाही, उघडे राहण्यासाठी लागते. वीज गेली किंवा हवेचा दाब गेला की ते मिटणार. चढणीवर ऐकू येणारा तो प्रसिद्ध खटखटाट म्हणजे गाडी मागे घसरू नये म्हणून दातेरी पट्टीवर पडत जाणाऱ्या खिट्टीचा आवाज. त्याने बसलेल्यांच्या छातीत धडधड वाढते, पण आम्हांला तो ऐकला की बरे वाटे.

रोज सकाळी उद्यान उघडण्याच्या बऱ्याच आधी देखभाल विभागाची माणसे मार्ग आणि चाके पाहून घेत. चाके तीन प्रकारची : वरून भार पेलणारी, बाजूने धरणारी आणि रुळाखालून गाडीला उचलू न देणारी. मग रिकाम्या फेऱ्या होत, तक्त्यावर सह्या होत आणि त्यानंतर यंत्र आमच्या ताब्यात येई. सकाळची पहिली गाडी जराशी मंद वाटते आणि दुपारी तीच गाडी अंमळ वेगाने धावते, कारण तोवर चाके आणि बेअरिंगमधील वंगण तापलेले असते. हे जाणणारे काही शौकीन मुद्दाम दुपारनंतर येत. पावसाळ्यात मात्र सगळा अंदाज घाटावरून उतरणाऱ्या ढगांच्या हाती. त्या वेगात पावसाचे थेंब चेहऱ्यावर खड्यांसारखे लागतात. आणि वीज चमकू लागली की राइड बंद, मग समोर कोणीही असो.

पॅनलच्या परीक्षेआधी चढणीवरून माणसे उतरवण्याचा सराव झाला. रिकाम्या वेळी आमच्यातलेच काही जण गाडीत बसले, गाडी चढणीवर थांबवली आणि कडेच्या अरुंद पायऱ्यांनी आम्ही वर गेलो. एका वेळी एकच ओळ मोकळी करायची, आधी माणसाचा हात कठड्यावर, मगच हार्नेस वर. सर ओरडून सांगत होते, ‘बोलत राहा रे, गप्प माणसाला लोक घाबरतात!’ आमच्यातला पालीचा एक दांडगा गडी उंचीला घाबरतो हे त्या दिवशी सगळ्यांना कळले. त्याने स्वतःहून देखभालीच्या भांडारात बदली मागून घेतली. कुलपाचा नियमही त्याच सुमारास अंगवळणी पडला. कुंपणाच्या आत जाणाऱ्या प्रत्येकाने यंत्राच्या मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावायचे आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याचे कुलूप कोणीही काढायचे नाही, अगदी व्यवस्थापकानेही नाही. खाली पडलेला मोबाइल ‘पटकन आणून देतो’ म्हणता येत नाही, ते यामुळेच.

परीक्षा लेखी होती, तोंडी होती आणि शेवटी प्रत्यक्ष पॅनलवर. डाव्या-उजव्या बाजूच्या सहकाऱ्यांचे अंगठे वर दिसले पाहिजेत, त्यांनी त्यांची बटणे दाबून ठेवली पाहिजेत, तेव्हाच माझे बटण चालते. सर मागे उभे राहून मधेच विचारत, ‘आता दुसरी गाडी कुठल्या ब्लॉकमध्ये?’ पडद्याकडे न पाहता सांगायचे. एकदा उजव्या बाजूच्या सहकाऱ्याने त्यांच्या सांगण्यावरून अंगठा दाखवलाच नाही, आणि मी रांग भरलेली असताना तसाच थांबून राहिलो. त्यावर ते काही बोलले नाहीत, कागदावर खूण केली. संध्याकाळी नावापुढे नायट्रोच्या पॅनलची परवानगी लागली.

ही परवानगी फक्त त्या एका यंत्रापुरती असते. काही काळाने माझी बदली ‘डीप स्पेस’वर झाली. ती काळोख्या इमारतीतील कोस्टर. तिथे गाडी चढणीवर हळूहळू ओढून न नेता जोराने पुढे फेकली जाते, आणि फलाट सोडला की गाडी दिसते ती फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यांवर. तेथील प्रमुख वयाने माझ्याहून लहान होती. तिने माझा नायट्रोचा तक्ता पाहिला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘दादा, उद्यापासून उंचीच्या पट्टीवर.’